गच्ची जिथे भिंतीला भेटते

(मंडळाच्या वर्धापनदिनी, चैत्रातील हळदीकुंकवाच्या समारंभात झालेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या विदुषीला बोलवावे असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. या खेपेस चिटणीसबाईंनी मलाच गाठले आणि म्हणाल्या, ‘तुमची गच्ची आता गळत नाही म्हणे. तेवढेच सांगा.’ प्रथम मला हसूच आले. सणाच्या दिवशी, अंगावर ठेवणीतली लुगडी नेसून बसलेल्या बायकांपुढे गळतीचे काय सांगावयाचे? पण घरी जाऊन विचार केला. आपल्या आळीतील बहुतेक बंगल्या एकाच धाटणीच्या आहेत. खाली दोन-तीन खोल्या, वर एक खोली, आणि त्या खोलीला लागून उघडी गच्ची. त्या गच्चीखाली कोणाचे देवघर आहे, कोणाचे स्वयंपाकघर. आमच्याकडे सासूबाईंची खोली आहे. मृग लागावयास अजून सहा आठवडे आहेत. सांगावयाचे तर आजच सांगितले पाहिजे.

मी इंजिनिअर नव्हे. जे सांगणार आहे ते आधी चुकून, मग जाणत्यांना विचारून आणि शेवटी स्वतः मिस्त्रीच्या डोक्यावर उभी राहून शिकले आहे. चूक कोणाची होती तेही सांगेन. ती माझीच होती.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. तिकडे पुण्याच्या चौपट पाऊस. तरीही पडवी आणि घराची भिंत यांच्या सांध्यातून पाणी आलेले मला लहानपणी कधी आठवत नाही. याचे कारण मला फार उशिरा कळले. पडवीचे छप्पर घराच्या भिंतीला नुसते टेकवलेले नसे. घराच्या मोठ्या पाख्याची वळचण त्याच्या डोक्यावर चांगली हातभर आलेली असे. वरच्या कौलांवरून ओघळलेले पाणी पडवीच्या कौलांवर पडे, तिथून अंगणात. भिंत आणि पडवी यांच्यामधल्या सांध्याला पाण्याचे दर्शनच घडत नसे. शिवाय ज्या अंगाने झड यावयाची त्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधीत. आणि वैशाखात शाकारणी! फुटके कौल बदलल्याशिवाय आजोबा मृगाला सामोरे जात नसत. वरची वस्तू खालच्या वस्तूच्या अंगावर आलेली असली की पाणी आपोआप बाहेर जाते, एवढेच त्या घराचे शास्त्र होते. आपण सिमेंटच्या सपाट गच्च्या बांधल्या, वळचणी उडवल्या आणि सांधा उघडा पाडला. मग तो सांधा सिमेंट लिंपून बंद करू लागलो.

लिंपून तो बंद का होत नाही, ते ऐका. गच्चीचा स्लॅब आणि खोलीची भिंत दिसावयास एकजीव असली तरी ती दोन निराळी अंगे आहेत. चैत्र-वैशाखाच्या उन्हात गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि पहाटे तीच फरशी गार असते. काँक्रीट तापले की पसरते, निवले की आखडते. पंधरा फूट लांबीच्या स्लॅबला तीस अंशांचा फरक पडला तर तो सुमारे दीड मिलिमीटर हलतो. रुपयाच्या नाण्याची जाडी जवळपास तेवढीच असते. भिंत मात्र त्याच्याबरोबर तेवढी हलत नाही. म्हणजे त्या कोपऱ्यात वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस ओढाताण चाललेली असते. तिथे तुम्ही कितीही कडक सिमेंट भरा, केसाएवढी चीर पडणारच. आणि केसाएवढी चीर मोठ्या भोकापेक्षा वाईट, बरे का. समईच्या वातीत तेल जसे आपल्या पायांनी वर चढते तसे पाणी बारीक चिरेत ओढले जाते, मग ते आडवे असो की उभे. त्यात पावसाचे थेंब फरशीवर आपटून भिंतीवर वीतभर उडतात. पाणी वरून येते तेवढेच नव्हे, खालूनही भिंतीवर चढते.

आता माझी हकिगत सांगते.

वरची खोली आणि गच्ची आम्ही २०१५ साली बांधली. त्या वेळच्या गवंड्याने कोबा केला, विटांचे तुकडे घालून भिंतीपासून बाहेर उतार दिला, आणि भिंतीच्या पायथ्याशी वाटा मारला. वाटा म्हणजे फरशी आणि भिंत यांच्या काटकोनात सिमेंटची जी गोल चढण करतात ती. ती आमच्याकडे जेमतेम तीन इंच उंच होती. तीन वर्षे काही तक्रार नव्हती. २०१८ साली मला त्या खडबडीत लाद्यांचा कंटाळा आला. भिशीतल्या एकीच्या गच्चीवर मी सुंदर मातकट फरशा पाहिल्या होत्या. गवंडी म्हणाला, ‘बाई, जुन्या लाद्या काढू का?’ मी म्हटले, ‘काढायचा खर्च कशाला? त्यांच्यावरच बसवा.’ त्याने बसवल्या. मसाला आणि फरशी मिळून अडीच इंच उंची वाढली. वाटा राहिला अर्धा इंच. दाराचा उंबरा पूर्वी गच्चीपेक्षा चार इंच वर होता, तो दीड इंचावर आला. नव्या फरशीला उतार नीट राहिला नाही, आणि दोन थरांमधला मसाला पाणी पिऊन स्पंजासारखा फुगून बसू लागला. एवढ्यावर माझी हौस भागली नाही. भिंतीला लागूनच विटांचा वाफा बांधून घेतला आणि त्यात मोगरा लावला. आता बघा, ओली माती सरळ भिंतीच्या अंगाला, आणि तिला मी रोज सकाळी झारीने पाणी घालते! मोगरा मात्र फार फुलला, हे कबूल केले पाहिजे.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यातील कोणी विसरले नसेल. आंबील ओढ्याला पूर आला, माणसे गेली. आमच्या आळीत पाणी शिरले नाही, पण त्या रात्री सासूबाईंच्या खोलीत, भिंतीपासून चार फूट अलीकडे, पंख्याच्या हुकाजवळ पहिला डाग उठला. सर्वांनी एकमुखाने निदान केले की हुकाजवळचा स्लॅब फुटला आहे. मग वर, त्या जागेच्या बरोबर डोक्यावर, फरशीच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरले. पुढच्या पावसात डाग दीडपट झाला. नंतर कोणी डांबर सांगितले. डांबर एका उन्हाळ्यात भाजून तडकले. तिसऱ्या वर्षी रंगाऱ्याने छताला खालून ‘पाणी न लागणारा’ रंग दिला. हा उपाय तर फारच वाईट. पाणी वरून आत शिरतेच आहे, आणि आपण खालून त्याला बाहेर पडू देत नाही. आतल्या सळ्या गंजू लागतात. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो, आणि ती जागा तो काँक्रीट फोडून मिळवतो.

या चार वर्षांत सासूबाई एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. त्यांना पावसाळ्यात खोकला होई, रात्री धाप लागे. आम्ही म्हणत होतो, वयाचे आहे. डॉक्टरांनी एकदा विचारले, ‘खोलीत ओल आहे का?’ ओलीची बुरशी दम्याला वाईट असते, असे ते म्हणाले. मी म्हटले, थोडी आहे, रंग दिला आहे.

२०२२ च्या श्रावणात एका दुपारी धडाका ऐकू आला. जाऊन पाहते तो छताच्या गिलाव्याचा परातीएवढा पोपडा खाली पडून फुटलेला, वर गंजक्या सळ्या उघड्या. सासूबाई खाटेवर बसलेल्या होत्या. खाट पडलेल्या ढिगाऱ्यापासून दोन हातांवर होती. माझे हातपाय गार पडले.

दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या घरून एक वयस्क मिस्त्री आले. मूळचे सोलापूरकडचे, अगदी कमी बोलणारे. त्यांनी छताकडे एकदा पाहिले आणि मग खाली जमिनीकडे पाहू लागले. फरशीवर खाटेच्या पायांचे डाग होते, एकापुढे एक, चार जोड्या. त्यांनी विचारले, ‘ताई, खाट कधीपासून सरकते आहे?’ मला समजेना. सासूबाईच म्हणाल्या, ‘पाऊस लागला की मी थोडी सरकवून घेते. पहिल्या साली एवढीशी, मग आणखी.’ मी म्हटले, ‘आई, मला सांगायचे नाही का?’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘अगं, फरशी तू हौसेने घातली होतीस.’

हे सांगावे की न सांगावे असा विचार मी दोन दिवस करीत होते. त्या आज इथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी परवानगी दिली आहे.

मिस्त्रींनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की डाग जिथे दिसतो तिथे भोक असते असे मुळीच नाही. पाणी एका ठिकाणी आत शिरते, कोब्याच्या पोटातून उताराने हिंडते आणि जिथे वाट मिळेल तिथे ठिबकते. हुकाच्या भोकापाशी त्याला वाट मिळाली, इतकेच. म्हणून त्यांनी कोरड्या हंगामात पाळीपाळीने परीक्षा घेतली. ती तुम्हालाही करता येईल. प्रथम भिंतीपासून फूटभर अलीकडे मातीची बुटकी पाळ घातली, पाणी जाण्याचे तोंड बंद केले आणि पाळीच्या बाहेरच्या गच्चीत दोन इंच पाणी भरून दोन दिवस ठेवले. खाली काही नाही. याचा अर्थ स्लॅबचा मधला भाग निर्दोष होता, आणि आम्ही तीन वर्षे त्यालाच औषध देत होतो! मग पाळ मोडून पाणी भिंतीला भिडू दिले. सहा तासांत हुकाजवळ थेंब. तिथेच काही निघाले नसते तर तिसरी परीक्षा नळीने भिंतीवर पाणी मारण्याची, तीही पायथ्यापासून सुरुवात करून हळूहळू वर जात. आधीच वरून मारले तर सगळेच भिजते आणि कळत काही नाही.

एक इशारा देते. शंभर चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे सुमारे पावणेपाचशे किलो वजन. चांगल्या स्लॅबला त्याचे काही नाही. पण ज्यांच्याकडे जुनी लाकडी तुळयांची गच्ची किंवा गॅलरी आहे, किंवा ज्यांच्या स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत, त्यांनी ही परीक्षा जाणकाराला विचारल्याशिवाय करू नये. आमच्याकडेही आधी छताला टेकू दिले होते.

दुरुस्ती आम्ही २०२३ च्या चैत्रात केली. आधी मोगऱ्याचा वाफा तोडला, मग गच्चीवरचे फरशांचे दोन्ही थर काढले. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. पैशांचा हिशेब डोळ्यांसमोर होता. भिंतीचा गिलावा पायथ्यापासून सव्वा फूट उंचीपर्यंत फोडून विटा उघड्या केल्या, आणि त्या उंचीवर भिंतीत आडवी खाच पाडली. कोब्याला नव्याने उतार दिला. दहा फुटांना सव्वा इंच, म्हणजे शंभरास एक, आणि तोही भिंतीपासून दूर. कोपऱ्यात चार इंचांचा वाटा मारला. वाट्याचे काम शोभेचे नाही. काटकोनात दुमडलेला कागद घडीवर आधी फाटतो ना, तसाच कोणताही लेप काटकोनात चिरतो. गोलाईवरून तो न मोडता वर चढतो.

वाटा वाळल्यावर त्यावर लवचिक लेप दिला. सिमेंटमध्ये रबरासारखे पॉलिमर मिसळलेला असतो, तो सांध्याबरोबर थोडा ताणला जातो. पहिला हात ओला असतानाच त्यात जाळीदार कापड बसवले, वरून दुसरा हात, एक दिवस सोडून तिसरा. हा लेप फरशीवरून वाट्यावर, वाट्यावरून भिंतीवर फूटभर चढवून वरच्या खाचेत नेऊन दडवला. फूटभर जमत नसेल तर नव्या फरशीच्या वर निदान सहा इंच तरी तो यावयास हवाच. आणि मग भिंतीचा नवा गिलावा वरून खाली लेपाच्या अंगावर आणला. इथे मला एकदम माहेरची वळचण आठवली. भिंतीवरून ओघळलेले पाणी गिलाव्यावरून लेपावर, लेपावरून वाट्यावर, वाट्यावरून फरशीवर. पाण्याला मागे शिरावयास जागाच नाही. गवंड्यांपैकी पुष्कळजण लेप गिलाव्याच्या वर, भिंतीच्या रंगावर चिकटवून मोकळे होतात. दिसावयास तो सुरेख दिसतो, पण दोन वर्षांनी वरची कड सुटते आणि त्या फटीतून पाणी लेपाच्या मागे उतरते. तेवढ्यासाठी तुम्ही तिथे उभे राहा. चहा द्यावा, पण उभे राहावे.

फरशी बसवण्याआधी पुन्हा पाणी भरून तीन दिवस ठेवले. नवी फरशी भिंतीला घट्ट भिडवली नाही. अर्धा इंच फट ठेवून तीत न कडकणारा मसाला भरला. पॉलियुरेथेन म्हणून पिचकारीच्या नळीतून मिळतो. तो काही वर्षांनी सुटतो, तेव्हा बदलावा. पण आतला लेप शाबूत असल्यामुळे घाबरावयाचे कारण नसते. पाण्याच्या नळाचे तोंड एकच होते, त्याच्या जोडीला कठड्यात फरशीपासून दोन इंचांवर एक जादा भोक ठेवले. पहिले तोंड पाल्याने तुंबले तर पाणी उंबऱ्यावर चढण्याआधी तिथून बाहेर पडावे. उंबरा चार इंच उंच करून त्याची दगडी पट्टी बाहेर झुकती बसवली, आणि भिंतीच्या बाहेर आलेल्या तिच्या कडेला खालून बोटभर खाच पाडली. ही खाच कशाला, असे मी विचारले. मिस्त्री माझ्या हातातल्या किटलीकडे बोट दाखवून म्हणाले, ‘चहा ओतताना तोंडाखालून का ओघळतो?’ पाणी कडेवरून पडत नाही, ते कडेला धरून खालच्या अंगाने मागे भिंतीकडे येते. खाचेपाशी त्याचा आधार सुटतो आणि ते टपकन खाली पडते. तुमच्या खिडक्यांच्या छज्जांनाही खालून ही खाच आहे का, घरी गेल्यावर पाहा. पुष्कळदा रंगाने बुजलेली असते.

पुढे मी भाचीकडे अमेरिकेत गेले. तिच्या घराला मागल्या बाजूला लाकडी फळ्यांचा ओटा आहे, तिकडे त्याला डेक म्हणतात. त्याची एक लांब फळी घराच्या भिंतीला बोल्टांनी कसलेली असते आणि सगळा ओटा तिच्या आधाराने उभा राहतो. मला आता सवय लागली आहे. मी आधी तो सांधाच वाकून पाहिला. तिकडची घरेही लाकडी. तिथे पाणी मुरले तर फळीबरोबर घराची भिंतही आतून कुजते, आणि वर माणसे जमली असताना ओटा भिंतीपासून सुटून कोसळल्याचे प्रकार तिकडे होतात. उपाय विचारला तर तोच! वाकवलेली पत्र्याची पट्टी भिंतीच्या आवरणाच्या मागे वर सारावयाची आणि खाली फळीच्या डोक्यावरून पुढे आणावयाची. भाची म्हणाली, ‘मावशी, तू इथे सुट्टीला आली आहेस ना?’

असो. वर्षाला करावयाचे काम फार नाही. वाळवणे उतरवून झाली की ज्येष्ठाच्या आत एक सकाळ गच्चीला द्यावी. पाण्याच्या तोंडातला पाला, कबुतरांची पिसे, वाळवणाच्या प्लॅस्टिकचे तुकडे काढावेत. कुंड्या भिंतीपासून वीतभर दूर, विटांवर उचलून ठेवाव्यात. तुळशीवृंदावन भिंतीला चिकटून बांधले असेल तर ते सरकवण्यात काही दोष नाही. आम्ही आमचे कठड्याच्या कोपऱ्यात नेले. सांध्यावरून नखाने घासून पाहावे, पोकळ आवाज येतो का, पापुद्रा सुटतो का. आणि कोरड्या दिवसांतही खालची भिंत ओली राहिली तर पावसाला दोष देऊ नये. आमच्याकडे माघातसुद्धा ओल होती. ती माझ्या झारीची होती, पण ते लक्षात यावयास चार वर्षे लागली.

दुरुस्तीनंतर दोन पावसाळे गेले. छत कोरडे आहे. खाट भिंतीला परत लावली आहे. धाप पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही, त्यांचे वय एक्याऐंशी आहे. पण गेल्या भाद्रपदात रात्रीचे औषध निम्म्यावर आले. मोगरा कुंडीत आहे आणि रुसला आहे.

यंदाची परीक्षा म्हणून मी कालच गच्चीत पाणी भरले आहे, ते रविवार सकाळपर्यंत राहील. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे, आपल्या गवंड्यालाही घेऊन यावे. खाच, वाटा, उंबरा, सगळे हात लावून दाखवीन. आता पन्हे गरम होऊ लागले आहे आणि आंब्याच्या डाळीची वाटी घेऊन मुली ताटकळल्या आहेत.